वाळ्याच्या वासाचा सीपीयू

झाकणाचे दोन स्क्रू गंजून बसले होते, तिसरा हात लागताच गळून पडला आणि चौथा मुळात नव्हताच. मुक्तानं पत्रा ओढला तसा आधी वास आला. वाळ्याचा. पोत्यात गुंडाळून, वर फाटकी सतरंजी टाकून पंचवीस वर्षं माळ्यावर ठेवलेला कॉम्प्युटरचा रिकामा डबा, आणि त्यातून भर एप्रिलच्या सकाळी ओल्या वाळ्याचा वास. ओला म्हणजे काही ओला नव्हता, डबा कोरडा ठणठणीत होता. पण वाळ्याचा वास नाकाला ओलाच लागतो, त्याला इलाज नाही.

"आई, कशाचा वास येऊन राहिला गं हा?" मुक्तानं विचारलं.

"कूलरचा," मी म्हणाले. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

मुक्ता माझी लेक. बारावीचा शेवटचा पेपर दिला त्या दिवसापासून राजापेठेतल्या आमच्या घरात दुसरा विषय नाही: तिचा गेम खेळायचा कॉम्प्युटर. तयार घ्यायचा नाही, एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा. प्रोसेसर ठरला, मग बदलला, मग पुन्हा पहिलाच ठरला. रॅमवर लाल-निळे दिवे हवेत की नकोत, यावरून बापलेकीत आठवडाभर अबोला होता. पोरीसाठी स्थळ बघतानासुद्धा माणसं एवढी चौकशी करत नाहीत. आणि मग कुठल्याशा व्हिडिओत तिनं पाहिलं, की कुणीतरी जुन्या पिवळट डब्यात आजचे भाग बसवले आहेत. बाहेरून खटारा, आत वाघ. झालं! काचेच्या चकचकीत कॅबिनेटवरून तिचं मन उडालं. "तुझा जुना डबा आहे ना आबाजींच्या माळ्यावर?" म्हणून ती माझ्या मागेच लागली. मी जरा टाळाटाळ केली. मग रविवारी सकाळी मागच्या सीटवर सगळी खोकी रचून बडनेरा, मूर्तिजापूर करत आम्ही अकोल्याला, जठारपेठेत, माझ्या माहेरी आलो.

सगळे भाग आले होते, फक्त ग्राफिक कार्ड घ्यायचं राहिलं होतं. दोन कार्डं तिनं मोबाईलवर काढून ठेवली होती. एक मोठं, दमदार, पण चुलीसारखं तापणारं. दुसरं थंड स्वभावाचं आणि तेवढंच मंद. मोठ्याला या डब्यात हवा पुरेल का, एवढंच तिला कळायला हवं होतं. सेल संध्याकाळी संपणार होता, त्यामुळे तिच्या जिवाची घालमेल चालली होती.

मी मात्र डब्याच्या डाव्या अंगाकडे बघत होते. तिथे एक गोल भोक आहे, फराळाच्या ताटलीएवढं. कडा आत वळवून, हातोडीनं ठोकून अशी गुळगुळीत केली आहे की बोट फिरवलं तरी खरचटत नाही. ते भोक माझ्या बाबांनी, म्हणजे मुक्ताच्या आबाजींनी, पाडलं. आणि त्यावरून मी त्यांना जे बोलले, ते मला आजही तोंडपाठ आहे.

बाबांचा कूलरचा धंदा होता. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. संक्रांत सरली की तिथे पत्र्याचे मोठे ताव यायचे, त्यांच्या मागे वाळ्याच्या जुड्या. दिवसभर पत्रा कापायची कात्री चालायची, तिचा कर्रर्र आवाज, मग हातोडी, मग रिव्हेट ठोकल्याचे टकटक दोन ठोके. त्या ठोक्यांवर मी अभ्यास केला, झोपले, रुसले. आई आणि मी अंगणात बसून ताट्या भरायचो. जाळी अंथरायची, वाळा सारखा पसरायचा, वरून दुसरी जाळी, मग सुतळीनं शिवायचं. भरलेल्या ताटीवर बाबा तोंडानं पाण्याची चूळ फुर्रकन मारून वास बघायचे. आई ओरडायची, "गिऱ्हाइकासमोर तरी नका करू!" तर हे म्हणायचे, "गिऱ्हाईकच तं पाहून राह्यलं."

कूलर बसवून झाला की बाबांची एक पद्धत होती. खिशातून उदबत्ती काढायची, पेटवायची आणि कूलरपुढून चालत खोलीच्या टोकापर्यंत जायचं. धूर जिकडे जाईल तिकडे बघत राहायचं. धूर खोलीतच घुटमळला तर मागची खिडकी उघडायला लावायचे. नवा माणूस गोंधळायचा, त्याला वाटायचं पूजा चालली आहे. निघताना प्रत्येकाला एकच सांगणं असायचं, "भाऊ, ताटी दरसाल बदलजा. बोअरचं पानी खारं हाय. खार चढते." आमच्या खारपाण पट्ट्यात हे कुणाला सांगायची गरज नव्हती, तरी ते सांगायचेच.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा मला कॉम्प्युटरचं वेड लागलं. वेड म्हणजे मैत्रिणीकडे गाड्यांच्या शर्यतीचा गेम पाहिला आणि जेवण गोड लागेना. मुलींनी असले खेळ खेळायचे नसतात, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. बाबा म्हणाले, "मंग कोनी खेळाचे? म्हशीनं?" आणि त्या हिवाळ्यात आम्ही बापलेक दोघं सलीमभाईंच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवायला लागलो.

सलीमभाईंचं दुकान बाजारात एका जिन्याखाली होतं. आत जेमतेम दोन माणसं मावायची, म्हणून बाबा बाहेर आणि मी आत. नव्या मदरबोर्डचा एक वास असतो, अजून मला सांगता येत नाही कशासारखा तो. चंदेरी पिशवी, तिच्यावरचं कुरकुरणारं प्लास्टिक. मी हात पुढे केला की सलीमभाई पिशवी मागे घ्यायचे. "बेटा, पयले लोखंडाले हात लावजो. अपने बदन में करंट रहता, वो इसकू मार डालता." मग मी शटरच्या पट्टीला हात लावायची. ते बाबांनाही सोडत नसत. बाबा हसायचे, "अवो सलीमभाई, माहे हात दिवसभर लोखंडातच हाय ना!" "फिर भी दादा. आदत लगनी चाहिए." बाबा मुकाट्यानं शटरला हात लावायचे.

एकदम सगळं घेणं जमणार नव्हतं. आज मदरबोर्ड, पंधरा दिवसांनी रॅम, मग डब्बा. आम्ही त्याला सीपीयूच म्हणायचो, सगळं अकोला म्हणायचं. आलेला प्रत्येक भाग आई एक दिवस देवापाशी ठेवायची आणि खोक्यावर हळदकुंकू लावायची. सलीमभाईंनी कळवळून सांगितलं होतं, "भाभीजान, डब्बेपे लगाओ, अंदर मत लगाओ." शेवटी ग्राफिक कार्ड आलं. आजच्यासारखं हातभर लांब नव्हतं की त्यावर तीन पंखे नव्हते. एक इवलासा पंखा, बांगडीत मावेल एवढा. पण त्याच्यामुळे पडद्यावरच्या रस्त्याला ऊन पडलं, झाडांच्या सावल्या हलायला लागल्या. मी आणि बाबा कितीतरी वेळ नुसता रस्ता बघत बसलो. गाडी चालवलीच नाही.

उन्हाळ्यात बारा ते चार बाबांचं काम बंद असायचं. तेव्हा ते लाकडी स्टूल घेऊन माझ्या खुर्चीमागे बसायचे. "धीरे वं माय, धीरे. वळन हाय पुढं." पडद्यावर नदी आली की म्हणायचे, "या लोकाइच्या गावाले पानी गोड दिसते." कधी मी त्यांना खेळायला बसवायची. त्यांची गाडी पुढे कमी आणि मागे जास्त जायची. सगळे शर्यतीत सुसाट गेलेले असायचे आणि बाबा त्या रस्त्यावर शांतपणे मागे-मागे जात आजूबाजूची शेतं बघत असायचे. इतकं सुख मला नंतर कुठल्या खेळात मिळालं नाही. बाहेर ऊन मी म्हणत असायचं, गच्चीवर आईच्या बिबड्या, ज्वारीचे पापड, कडकडीत वाळत असायच्या, कूलरची टाकी गुळगुळ करायची आणि माझ्या मानेवर वाळ्याचा गार वारा यायचा.

मे महिना लागला आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. शर्यत रंगात आली की पडदा काळा. सलीमभाई म्हणाले, गरम होतोय, अकोल्यात माणसं बंद पडतात तर हे काय. मी हिरमुसले. त्याच आठवड्यात पातूरला मामेबहिणीचं लग्न निघालं, मी आणि आई दोन दिवस तिकडे गेलो.

परत आले तर टेबलाशेजारी कूलर. माझ्यासाठी खास नवा बनवलेला, छोटा, चौरंगाएवढा. त्याच्या तोंडातून पत्र्याचं एक गोल नळकांडं निघालं होतं आणि ते थेट माझ्या सीपीयूच्या पोटात गेलं होतं. बाबा दाराशी उभे होते, नवरदेवासारखे लाजत. "चालवून पाय," म्हणाले.

चाललं! बंद पडलं नाही. भर दुपारी, पत्रे तापून तडतडत असताना, माझी गाडी धावत होती. दहा दिवस. बाबा सलीमभाईंना सांगून आले, समोरच्या इस्त्रीवाल्याला आणून दाखवलं. मी हात लावून बघायची, सीपीयू माठासारखा गार लागायचा. त्या दहा दिवसांत घरात आम्ही सगळे उगाचच हसत होतो.

अकराव्या दिवशी बारीकसा चट् आवाज आला, आणि वास. डबा उघडला. मदरबोर्डवर, कार्डावर, त्या इवल्या पंख्याच्या पात्यांवर पांढरी भुकटी बसली होती. तांब्याच्या रेघांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलं होतं. ओला वारा आणि बोअरचा खार. दरसाल गावाला सांगत फिरणाऱ्या माझ्या बाबांनी तोच वारा माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात सोडला होता.

ते मागे स्टुलावर बसले होते. मी वळून म्हणाले, "कूलर वाटला का तुम्हाले हा? तुम्हाले काय समजते त्यातलं?"

बाबा उठले. स्टूल उचललं आणि पुढच्या खोलीत गेले. टकटक ठोके सुरू झाले. त्यांचं का चुकलं, एवढं ठाऊक असून कसं विसरले, हे मी कधी विचारलं नाही. आता ते विचारायची गरजही वाटत नाही. पोर हिरमुसली होती, हातात पत्रा होता.

पुढे माझ्या रागाचं काही राहिलं नाही, तो चार दिवसांत उतरला. पण माझं वाक्य बाबांनी ठेवून घेतलं. टीव्हीचा रिमोट असो, मिक्सर असो, "मले काय समजते त्यातलं." मी त्यांना टचस्क्रीनचा फोन आणून दिला, तर तो तळहातावर धरतात आणि ज्याला त्याला सांगतात, "तूच दाब." सगळे हसतात, आई तर नक्कलही करते. ते वाक्य कुठून आलं, हे त्या घरात फक्त आम्हा दोघांना माहीत.

"आबाजी!" मुक्तानं हाक मारली. बाबा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. ती त्यांच्यापुढे डबा घेऊन गेली. "तुम्हीच सांगा. यात हवा खेळेल का? मोठं कार्ड घेऊ की लहान?"

बाबांनी डब्याकडे पाहिलं. त्या गोल भोकाकडे पाहिलं आणि सुपारी पुन्हा कातरायला घेतली. "मले काय समजते त्यातलं, माय."

मुक्ता हसली. मला हसू आलं नाही. पंचवीस वर्षं मी त्या वाक्याला हसत आले होते आणि दर वेळी मला आत कुठेतरी टोचत आलं होतं. मी जाऊन त्यांच्याजवळ खाली बसले.

"बाबा, ते वाक्य माहं व्हय. वापस द्या आता."

"कोनतं?"

"तुम्हाले माहीत हाय कोनतं."

अडकित्ता थांबला. "लहान होती तू," ते म्हणाले.

"अठराची होती. घोडी झाल्ती. चूक पान्याची होती बाबा, हवेची नव्हती. हवा तुमी बरोबरच नेल्ती. दहा दिवस माही गाडी तुमच्याच हवेवर पळाली. मी तेवढं एक म्हनायले पायजे होतं, अन् म्हनलं भलतंच."

मुक्ताला काही उमगलं नव्हतं, पण गप्प बसावं एवढं कळलं होतं. मग बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, चघळलं, आणि आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "मुक्ते, देवापासून एक उदबत्ती आन बरं."

आई आतून ओरडली, "देवाची उदबत्ती काहून पायजे त्याले?" पण मुक्ता घेऊन आलीसुद्धा.

तिनं पंखे डब्याला लावले, नव्या पॉवर सप्लायला जोडून सुरू केले. तीन पंखे, तिन्ही हवा आत ओढणारे. जितकी हवा आत तितकं बरं, असा तिचा हिशेब. बाबांनी पेटलेली उदबत्ती डब्याच्या तोंडाशी धरली. धूर आत शिरला, आतल्या आत गरगरला आणि पुन्हा समोरूनच बाहेर आला.

"पाह्यलं?" बाबा म्हणाले. "कूलर लावला अन् खिडक्या लावून बसलं तं काय होते?"

"उकडते," मुक्ता म्हणाली.

"मंग! हवेले यायले जागा देता, जायले नाही देत. मांगचा पंखा पालटव."

तिनं मागचा पंखा उलटा लावला. धूर या वेळी समोरून शिरला, सरळ मागे गेला. मधेच, जिथे कार्ड बसणार होतं तिथे, थोडा रेंगाळला. बाबांनी मान डोलावली आणि उठून पुढच्या खोलीत गेले. काम त्यांनी सोडून आठ-नऊ वर्षं झाली, पण हत्यारं अजून भिंतीवर ओळीनं टांगलेली आहेत, दसऱ्याचं कुंकूही पुसलेलं नाही. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा शोधला, त्यावर मुक्ताचा तिसरा पंखा ठेवून खिळ्यानं रेघ ओढली. कर्रर्र. रेघ कुठेच हलली नाही. ताटलीएवढ्या जुन्या भोकावर ती पट्टी बसली, पट्टीत पंखा बसला. टकटक, दोन ठोके. कितीतरी वर्षांनी मी ते ठोके ऐकले आणि मला खरंच, शाळेतून घरी आल्यासारखं वाटलं.

पुन्हा उदबत्ती. धूर बाजूच्या भोकातून थेट कार्डाच्या जागेवर आला आणि तिथे न थांबता मागून निघून गेला. आतला वाळ्याचा वासही त्याच्या मागोमाग निघाला, ओसरीभर झाला.

"घे मोठं," बाबा म्हणाले. "पन एक ध्यानात ठेव. कोरडी हवा. बाजूले कूलर ठेवजो नको."

मुक्तानं मोबाईल काढला, मोठं कार्ड निवडलं, पत्ता टाकला. आता शेवटचं एक बटण तेवढं राहिलं. तिनं बोट पुढे नेलं, थांबली, आणि मोबाईल बाबांपुढे धरला. "आबाजी, तुम्ही दाबा."

मी वाट बघत होते, 'तूच दाब' येणार म्हणून.

बाबांनी लुंगीला हात पुसले. मग ते उठले, दोन पावलं खिडकीपाशी गेले आणि खिडकीचा लोखंडी गज मुठीत धरला. चांगला धरला, डोळे मिटून, सलीमभाई समोर उभे असल्यासारखा.

"अवो आबाजी, मोबाईलले नाही लागत तसं करायले!" मुक्ता हसत सुटली.

"लागते," बाबा म्हणाले. "आदत पायजे."

आणि परत येऊन त्यांनी बटण दाबलं. बोट लगेच उचललं नाही, तसंच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"दबलं का वं?"

"दबलं, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांचं ते लाकडी स्टूल आणायला आत गेले.